फुटाला पाव इंच

खानदेशातल्या जुन्या माडीवर पाणी चढतं ते तांब्यातून आणि उतरतं ते माणसाच्या पोटातून. मधल्या मध्ये कुठं सांडलंच, तर पदर, पंचा, कालचं वर्तमानपत्र, ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन घर धावतं. नंदुरबारच्या जुन्या गल्ल्यांतल्या ज्या घरात मी सून म्हणून आले, तिथं ही शिस्त इतकी मुरलेली होती की माडीवर कुणी रडायला लागलं तर त्याला आधी खाली नेत, असं माझे दीर सांगतात. दिरांचं सगळंच खरं धरायचं नसतं; पण या बाबतीत मी त्यांच्यावर अर्धा विश्वास ठेवते.

याला कारण लाकूड. भिंती आहेत, पण त्या नुसत्या आडोशाला. घर उभं आहे ते सागाच्या खांबांवर. खांबांवर तुळया, तुळयांवर हारीनं टाकलेल्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर चार बोटं माती आणि मातीवर शेणाचं सारवण. म्हणजे खालच्या खोलीत जी नक्षीदार तक्तपोशी, तीच वरच्या खोलीत पायाखालची भुई. अधांतरी भुई धरून ठेवायची ही कल्पना ज्यानं पहिल्यांदा काढली तो मला नेहमी थोडा कवी वाटत आला आहे. सागवान सातपुड्यातून बैलगाड्यांवर आलेलं. साग हा मोठा मानी वृक्ष. त्याच्या अंगातच असं काही तेल असतं की वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. मात्र ओल्या मातीखाली तो वर्षानुवर्षं दडपून ठेवला की भिंतीत शिरलेली टोकं आधी काळी पडतात, मग मऊ होतात, आणि एक दिवस बोट आत जातं. म्हणून माडीवर पाणी नको. न्हाणीघर खाली, परसात, आडाच्या शेजारी. तिथं एक प्रशस्त दगड, तांब्याचा बंब आणि दगडाखालून निघून केळीच्या बुंध्याशी जाणारी चिंचोळी सरी. आमच्या केळीनं तीन पिढ्यांचा साबण प्यायला आहे आणि तरीही तिच्या घडाला वास येत नाही, हे मला अजून न उलगडलेलं गूढ आहे.

अशा घरात माडीवर शॉवर बसवायचं ठरलं. ठरलं म्हणजे आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्यांनी ठरवलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. 'मग खाटच खाली घेऊ', हा साधा उपाय प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यांच्यापुढे मांडून पाहिला. त्या म्हणाल्या, माडीवरून गल्लीची दोन्ही तोंडं दिसतात, खालून एकही दिसत नाही. या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात पिशवी भरलेली आहे आणि कुणाच्या रिकामी, याची नोंद गेली कित्येक दशकं ज्या खिडकीतून चालू आहे, ती खिडकी गुडघ्यांच्या कारणानं बंद करणं म्हणजे एखादं सरकारी दफ्तर उंदरांच्या तक्रारीवरून बंद करण्यासारखं झालं असतं. गुडघे वरच राहणार होते. तेव्हा पाणीच वर नेणं भाग होतं.

पाणी वर नेणं सोपं असतं. मोटार लावली, टाकी ठेवली, नळ सोडला की पाणी आज्ञाधारक मुलासारखं येतं. खरा प्रश्न ते परत कसं पाठवायचं हा. आलेल्या पाहुण्याला कुणीही पाट देईल. त्याला संध्याकाळच्या गाडीला वेळेवर घालवून देणं हे गृहिणीचं खरं कसब. आमच्या तरुण प्लंबरनं जाळी, वेस्ट कपलिंग, नहाणी ट्रॅप आणि दीड इंची पीव्हीसी पाइप अशी यादी पटापट सांगितली आणि शेवटी सहज म्हणावं तसं म्हणाला, 'फुटाला पाव इंच ढाळ लागेल.' हे वाक्य पुढे आमच्या घरावर राज्य करणार आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

फुटाला पाव इंच. ऐकायला किती नम्र! आत्याबाईंच्या खाटेशेजारीच न्हाणं करायचं, म्हणजे त्यांना चार पावलांच्या वर चालायला नको, असा आमचा बेत होता. खाटेपासून उत्तरेची बाहेरची भिंत बारा फूट. बारा गुणिले पाव, तीन इंच. त्यात ट्रॅपची खोली. हे सगळं पाण्याच्या सोयीनं खाली जायचं तर पाइप जिथून निघतो तो ट्रे तेवढाच वर उचलायचा. म्हणजे अर्ध्या फुटाच्या वर उंचीचा ओटा आला. आत्याबाईंना पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून आम्ही त्यांना रोज चढायला एक पायरी बांधत होतो. प्लंबरनं हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. मग आत्याबाई म्हणाल्या, 'खाली न्हायचे तेव्हा दगड तरी जमिनीला टेकलेला होता.'

पाइप पाटांखालून, दोन कड्यांच्या मधून का नेऊ नये, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. कड्या उत्तर-दक्षिण टाकलेल्या होत्या, पाइपही उत्तरेलाच जायचा होता, म्हणजे एकही कडी न कापता दोघींच्या मधल्या पोकळीतून तो निमूट सरकला असता. लाकडी तळावर पाइप टाकणाऱ्या जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण त्या विशिष्ट दोन कड्यांच्या खाली आमचं देवघर आहे. देवांच्या डोक्यावरून आंघोळीचं पाणी? मी हळूच सुचवून पाहिलं की त्यांच्यातल्या एकानं तर साक्षात गंगाच डोक्यावर घेतलेली आहे, त्याची हरकत नसावी. आत्याबाई म्हणाल्या, 'ती गंगा होती. हे तुझ्या साबणाचं पाणी.' देवघर हलवायची सूचना कुणी केलीच नाही. आमच्याकडे माणसं हलतात, खाटा हलतात, एकदा तर जिनासुद्धा हलला. देव मात्र जिथं बसले तिथं बसले.

या टप्प्यावर सुतारबाबांना बोलावणं धाडलं. बाबा वयानं आत्याबाईंच्या आसपासचे. आले, खालच्या खोलीत उभे राहिले आणि काहीही न विचारता काठीनं एकेक कडी ठोकत, कान देऊन ऐकत निघाले. डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तेव्हा रुग्ण जसा श्वास रोखतो, तसं घर उभं होतं. मग वर येऊन त्यांनी अहिराणीत निकाल दिला, 'भाऊ, लाकूड नी पानीनी सोयरीक जमनार नही.'

मी शहरात शिकलेली. मला राहवलं नाही. मी त्यांना मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेल्या त्रिंकोमाली जहाजाची गोष्ट सांगितली. पुरं सागवानी जहाज. इंग्रजांच्या आरमारात गेलं, जगभर फिरलं, आणि आज दोनशे वर्षांनीही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. सागाला पाण्याचं भय असतं तर हे झालं असतं का? बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, जहाजाला पाणी कुठून लागतं? म्हटलं, बाहेरून. 'आणि मोरीला?' एवढं बोलून ते चहा प्यायले. दोनशे वर्षांच्या नौकानयनाचा इतका संक्षिप्त पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

तरी काम त्यांनी घेतलं. कारण प्लंबर हट्टी होता आणि बाबांना हट्टी माणसं आवडत. दोघांची जोडी पाहण्यासारखी होती. एकाच्या हातात पारदर्शक नळीतलं पाणी, ज्यानं तो खोलीच्या या टोकाची पातळी त्या टोकाशी ताडून पाही. दुसऱ्याच्या हातात गुण्या आणि ओळंबा. पातळी काढल्यावर एक जुनी गोष्ट उघडी पडली: आमची माडी मुळातच उतरती आहे. वायव्येच्या कोपऱ्याकडे ती बोटभर कलते. त्या कोपऱ्यात माझ्या आजेसासऱ्यांच्या काळी मिरचीची पोती रचलेली असत. नंदुरबारची मिरची तेव्हाही लांबलांबच्या बाजारांत जाई. गावाबाहेर मैलभर लाल पथाऱ्या पसरत आणि निवडलेला माल भाव वाढायची वाट बघत आमच्या माडीवर येऊन बसे. भाव कधी वाढले, कधी पडले. कड्या मात्र दर वर्षी थोड्या थोड्या वाकत गेल्या. लाकूड हिशेब विसरत नाही. व्यापारातला तो सगळा चढउतार बोटभर कलाच्या रूपानं घरात शिल्लक होता, आणि पाण्याला हवा होता तसाच होता.

तेव्हा ट्रे वायव्येच्या कोपऱ्यात जाणार हे ठरलं. आत्याबाईंना चार पावलांऐवजी दहा चालावी लागतील. पण पायरी उरणार नाही. कोपऱ्यातली चार बोटं माती खोदून काढली तर ट्रॅपला तेवढी खोली आयती मिळत होती.

माती खोदायला सुरुवात झाली आणि पहिला शिंकला तो प्लंबर. मग त्याचा पोऱ्या. मग भाऊजी, मग मी, मग जिन्यावरून वर येणारा दूधवाला. सारवणाच्या थरांमध्ये, पाटांच्या सांधींत, मिरचीची भुकटी आणि बिया दडून बसल्या होत्या. ज्यांनी ती पोती रचली, ज्यांनी त्यांच्या भावावर भांडणं केली, ते कोणी आता हयात नाहीत. त्यांचा तिखटपणा तेवढा आमच्या नाकाडोळ्यांत जिवंत झाला. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि माडीवर एकाच वेळी एवढी माणसं रडण्याचा प्रसंग घराच्या इतिहासात बहुधा पहिलाच. आत्याबाई खाटेवर पदर नाकाला लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'मामंजींची मिरची. तेव्हाही अशीच झोंबायची.' त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कुठलं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ट्रे मात्र गावात मिळेना. फरशी घालून ढाळ काढलेली मोरी कुणीही करून देईल. पण लाकडी तळावर फरशी आणि सिमेंट टिकत नाही. लाकूड हिवाळ्यात आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, माणूस चालला की किंचित झुलतं. सिमेंट झुलत नाही, फुटतं, आणि त्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आपलं काम सुरू करतं. म्हणून एकसंध ट्रे हवा होता, ज्याला सांधाच नाही. तो सुरतेहून आणला. तीन फूट बाय तीन फूट, अॅक्रिलिकचा, पांढराशुभ्र, कडेला साडेतीन इंची भोक. तापी खोऱ्याच्या त्या लाइनवरच्या पॅसेंजरमध्ये तो दाराजवळ आडवा ठेवला होता. कुणी विचारलं, म्हशीला आंबोण ठेवायला का? एका बाईंनी काही न विचारता आपलं झोपलेलं बाळ त्यात ठेवलं आणि कपड्यांचं गाठोडं उशाला दिलं. नवापूरला गाडी थांबली. त्या स्थानकात महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द फलाटाच्या मधून जाते. एकाच बाकावर बसलेल्या नवरा-बायकोची राज्यं निराळी असू शकतात. आमचा ट्रे तिथं थोडा वेळ गुजरातेत होता, मग थोडा वेळ दोन्हीकडे आणि मग महाराष्ट्रात, आणि बाळ सबंध प्रवासात झोपलेलं होतं. त्या ट्रेमध्ये पहिली झोप झाली. पहिली आंघोळ पुष्कळ नंतरची.

या निमित्तानं माझं वाचन वाढलं. पाणी घालवण्याचा हा उद्योग किती जुना आहे! मोहेंजोदडोच्या घरांत विटांचे न्हाणओटे सापडले आहेत, एका कोपऱ्याकडे बेतानं उतरते. आणि वरच्या मजल्यावरचं पाणी खाली आणायला भिंतीत भाजक्या मातीचे उभे नळ. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही कुणाचे तरी गुडघे दुखत होते आणि कुणीतरी फुटाला किती ढाळ द्यावा यावर वाद घालत होतं. आमच्या जवळच, तापी आणि गोमाईच्या संगमावर, प्रकाशाच्या टेकाडात १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथली वस्ती थेट ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली. त्या लोकांच्या न्हाणीबद्दल मी काही वाचलं नाही. त्यांना गरजही नसावी. शॉवर तापी, ट्रे तापी आणि वेस्ट पाइपही तापीच. आणि शहादा तालुक्यात उनपदेवला तर गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. गिझरसकट सगळी व्यवस्था निसर्गानं फुकट करून दिलेली असताना माणूस माडीवर का राहायला गेला, हाच खरा प्रश्न.

ट्रॅपचा बाक मात्र नवा. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली शौचकूपाच्या नळीला असा वळसा दिला की त्यात नेहमी थोडं पाणी अडकून राहावं. गटाराचा वास त्या पाण्यापाशी अडतो, घरात शिरत नाही. पाणी घालवण्यासाठी थोडं पाणी कायमचं धरून ठेवायचं! घड्याळजीलाच हे सुचावं यात नवल नाही. सगळं वाहून जात असताना थोडंसं थांबवून दाखवण्याचाच तर त्याचा धंदा.

पुढचा पेच तुळशीनं घातला. वायव्येच्या कोपऱ्यातून भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला की तो बरोबर वृंदावनावर उतरत होता. देवघर चुकवून आम्ही तुळशीच्या डोक्यावर आलो होतो. तेव्हा पाइप माडीच्या आतूनच उत्तरेच्या भिंतीलगत पाच फूट पूर्वेकडे न्यायचा, सज्ज्याच्या दारापुढून, आणि मग उत्तरेला बाहेर काढून केळीजवळ उतरवायचा. पाच फुटांना सव्वा इंच ढाळ. आता तो कड्यांना आडवा जात होता. पाटांखालून न्यायचा तर ओळीनं चार-पाच कड्यांना भोकं पाडायची, आणि ढाळामुळे प्रत्येक कडीत भोक आधीच्यापेक्षा खाली. प्लंबर म्हणाला, दोन इंचांची तर भोकं. बाबांनी त्याला बसवून समजावलं. कडीचा वरचा काठ दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोन्हींच्या मधोमध, पोटात, तिला फारसं दुखत नाही, तिथं लहानसं भोक चालतं. पण वरून खाच मारलीस किंवा भोक काठाकडे सरकलं, की कडी मोडायला वजन लागत नाही, नुसतं निमित्त लागतं. आणि हा उतरता पाइप एका कडीच्या पोटातून निघून तिसऱ्या-चौथ्या कडीच्या बुडाशी पोचणार. हे शिक्षण त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. प्लंबर गप्प झाला आणि त्यानं बिडी पुढे केली. मला वाटतं, अभियांत्रिकीतल्या सगळ्या पदव्या अशाच द्याव्यात.

शेवटी पाइप पाटांच्या वरून, माती काढलेल्या चरातून, अर्धा बुडालेला आणि अर्धा उघडा असा न्यायचं ठरलं. उघड्या भागावर बाबांनी सागाची लांबट पेटी केली, झाकण उचलता येईल अशी. ती बुजवून वर सारवून टाका, दिसायला बरं दिसेल, असं मी सुचवलं होतं. त्यांनी मान हलवली. 'पानीले वाट दाखाडनी पडस,' ते म्हणाले, 'नहीते ते सोताच शोधी लेस.' लाकडाच्या घरात पाणी लपवू नये. गळलं तर त्याच दिवशी दिसलं पाहिजे.

ते असं म्हणाले तेव्हा मला सातपुड्यापलीकडची घरं आठवली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली नर्मदाकाठची ३३ गावं, मणिबेली त्यातलं पहिलं. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तशी तिथली माणसं आपली घरं मोडून खांब, कड्या, दारं घेऊन निघाली आणि तळोद्याकडच्या वसाहतींत ती पुन्हा उभी केली. काहींची उभी राहिली, काहींची राहायची राहून गेली. तिथं पाण्याला वाट कुणी दाखवली नव्हती, वाट अडवली होती, आणि पाणी फुटाफुटानं वर येत होतं. बाबांच्या हातून त्या बाजूच्या काही घरांचं लाकूड गेलेलं आहे. उतरवताना खांबांवर खुणा करायच्या, असं ते सांगतात, म्हणजे जुळवताना पूर्वेचा खांब पूर्वेलाच लागतो. एवढंच बोलून ते थांबले आणि पेटीचं झाकण रंधून बसवायला लागले.

ट्रेखाली जाड मरीन प्लाय आला, त्याची कापलेली कड वॉर्निश पाजून बंद केली, भिंतीशी सिलिकॉनची रेघ ओढली. सिलिकॉन घालताना ट्रे पाण्यानं भरून ठेवायचा, ही प्लंबरची युक्ती मला फार आवडली. वजनानं तो जेवढा बसायचा तेवढा आधीच बसतो, आणि नंतर माणूस उभा राहिला तरी सांधा ओरबाडला जात नाही. भोक बंद करून साठ-पासष्ट लिटर पाणी भरलं आणि परीक्षेसाठी रात्रभर ठेवलं. त्या रात्री आमचं सगळं घर खालच्या खोलीत माना वर करून बॅटरीच्या उजेडात तक्तपोशी न्याहाळत होतं. इतक्या एकाग्रतेनं आमच्या घराण्यानं वर कधी पाहिलं नव्हतं, ग्रहणातसुद्धा नाही. कमळाच्या पाकळ्या, पोपट, एका कडीवर कुणा सुतारानं कोरलेला आणि मिशा द्यायला विसरलेला वाघ, हे सगळं मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं. थेंब पडला नाही. सकाळी सगळे जरा हिरमुसलेलेच दिसले.

वजनाचा विषय भाऊजींनी काढला होता. तीन बाय तीनच्या चौकात एवढं पाणी, वर आत्याबाई. बाबांनी बोटांवर हिशेब केला: काढलेली माती घमेल्यांनी मोजली होती, ती क्विंटलच्या वर भरत होती, पाणी आणि आत्याबाई मिळून तेवढ्यात बसत होत्या. 'माती उतरी गई, पानी चढनं. हिसाब बरोबर.' आत्याबाईंना आपण आणि पाणी एका पारड्यात आणि माती दुसऱ्या, ही तुलना अजिबात खटकली नाही. उलट त्या म्हणाल्या, अजून थोडी माती काढली असती तर मला पाट घेऊन बसता आलं असतं.

त्या बसतात स्टुलावर. हातात धरायच्या शॉवरला त्यांनी एकदा नमस्कार केला आणि तो खुंटीला कायमचा टांगला. बादली, तांब्या, शिकेकाई, तेच सगळं वर आलं. पण पहिल्या आंघोळीआधी त्या दारात उभ्या राहून त्या सगळ्या रचनेकडे बराच वेळ पाहत होत्या. वर टांगलेला शॉवर, त्यातून ठिबकणारा एकेक थेंब, खाली काठ उचललेला पांढरा ट्रे, एका बाजूला निघालेली वाट. 'पाणी कुठं जातं?' 'उत्तरेला.' त्यांनी मान डोलावली, आणि त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मला एकदम दिसलं. वर गळती, खाली शाळुंका, उत्तरेला प्रनाळ. प्रकाशाच्या केदारेश्वरापुढे त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. शॉवर ट्रे आणि वेस्ट पाइप ही विलायती वस्तू म्हणून आम्ही सुरतेपर्यंत धावलो. दगडात घडवलेला त्याचा नमुना गावोगावच्या गाभाऱ्यात आधीपासून ठिबकत होता.

याचा परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात नव्हता. महादेवाच्या देवळात प्रनाळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. आत्याबाईंनी ती सागाची पेटी ओलांडायला नकार दिला. तसं त्या तोंडानं काही म्हणत नाहीत. सज्ज्यात तुळशीला वरून हात जोडायला जातात, पेटीपाशी थांबतात, वळतात, मधल्या खोलीतून फेरा घालून सज्ज्याच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. 'ते तर तुमच्याच आंघोळीचं पाणी,' असं नवरा एकदा म्हणाला. 'म्हणून काय झालं,' त्या म्हणाल्या. आधी आम्ही हसलो. मग माझी मुलगी त्यांच्या मागून फेरा घालायला लागली, खेळ म्हणून. मग भाऊजी, सवय म्हणून. हल्ली मीही पेटीपाशी आले की पाऊल आपोआप अडतं, आणि कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही.

आखाजीला सुतारबाबांना जेवायला बोलावलं होतं. मांडे, आमरस, रीतीप्रमाणे सगळं. जेवण्याआधी त्यांनी नेहमीसारख्या खालून कड्या ठोकल्या, मला विचारलं, जहाज कसं आहे, आणि काम पाहायला वर गेले. पेटीचं झाकण उचललं, आत हात फिरवला, हात कोरडा निघाला तो धोतराला उगाच पुसला. मग सज्ज्यातून केळीवरचं पाइपाचं तोंड बघावं म्हणून त्यांनी पेटीपलीकडे पाऊल उचललं, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, 'तिकडून नको बाबा.' आपल्याच हातानं केलेल्या पेटीकडे त्यांनी एकदा पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे. काही विचारलं नाही. मधल्या खोलीतून वळसा घालून ते दुसऱ्या दाराशी गेले. ते दार वर्षानुवर्षं बंद असायचं, आता दिवसातून दहा वेळा उघडतं आणि खाली घासतं. त्यांनी ते पुढे-मागे हलवून पाहिलं, उंबऱ्यावरची घासल्याची रेघ अंगठ्यानं चाचपली आणि जिन्यावरून खाली ओरडून पोऱ्याला रंधा घेऊन वर यायला सांगितलं.